समजा, माणूस गोल आहे...

गेल्या पावसाळ्यात एका रात्री बाबांच्या छातीत कळ आली. रिक्षा करून जवळच्या दवाखान्यात पोहोचलो. शर्ट काढून त्यांना आडवं केलं, छातीवर गार जेली लावली, सहा ठिकाणी इलेक्ट्रोड चिकटवले, मनगटांना आणि घोट्यांना चिमटे लावले. ‘आजोबा, हलू नका, बोलू नका.’ मिनिटभरात यंत्रातून बारीक चौकटींचा गुलाबी कागद सरकत बाहेर आला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, ‘ईसीजी नॉर्मल आहे.’

मी सुटकेचा श्वास टाकला आणि विचारलं, ‘मग घरी नेऊ?’

‘नाही. कळ थांबलेली नाही. थोड्या वेळाने पुन्हा काढू,’ डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या ईसीजीत बदल दिसला. बाबांवर वेळेत उपचार झाले आणि आता ते रोज सकाळी फिरायला जातात. पण त्या रात्रीची माझी घाई मला अजून खुपते. कारण पहिल्या कागदावर विसंबून राहू नये, हे मला डॉक्टरांच्याही आधी कळायला हवं होतं. मी एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकलो होतो आणि ईसीजीच्या मागचं गणित स्वतःच्या हाताने सोडवलं होतं.

ते गणित असं होतं : ‘विजेच्या एका वाहक गोलाच्या केंद्राशी एक विद्युत द्विध्रुव ठेवला आहे. गोलाबाहेर हवा आहे. गोलाच्या पृष्ठभागावरचं व्होल्टेज काढा.’ बस्स, एवढंच. त्यात हृदय नव्हतं, रुग्ण नव्हता, ईसीजीचं नावही नव्हतं.

विद्युतचुंबकत्वाचा पेपर म्हणजे एम.एस्सी.च्या मुलांची धास्ती. जॉन डेव्हिड जॅक्सन या प्राध्यापकांचं ‘क्लासिकल इलेक्ट्रोडायनॅमिक्स’ हे पुस्तक १९६२ साली आलं. तेव्हापासून जगभरातले भौतिकशास्त्राचे विद्यार्थी त्यातल्या प्रकरणांच्या शेवटी दिलेल्या गणितांशी झटत आले आहेत. प्रश्न तीन ओळींचा आणि उत्तर सहा पानांचं, अशी त्यांची ख्याती आहे. माझं गोलाचं गणित त्या मानाने सोपं होतं, तरीही मी चार पानं भरली आणि अडकलो. सरांकडे गेलो. त्यांनी माझी पानं बाजूला ठेवली आणि तीन प्रश्न विचारले. ‘वीज निघते कुठून? कडेला गेल्यावर तिचं काय होतं? आणि हे चित्र फिरवलं तर बदलतं का?’

आज या तीन प्रश्नांच्या आधाराने ते गणित वाचकांसोबत सोडवून पाहू. कागद-पेन्सिलची गरज नाही.

मिठाच्या पाण्यातली बॅटरी

पहिला प्रश्न : वीज निघते कुठून?

आपलं शरीर आतून खारट पाण्याने भरलेलं आहे आणि खारट पाण्यातून वीज वाहते. प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या स्नायूंतून विद्युत हालचालीची एक लाट सरकत जाते. लाट जिथे पोहोचली आहे तो भाग आणि जिथे अजून पोहोचायची आहे तो भाग यांच्यात व्होल्टेजचा फरक पडतो. दुरून पाहिलं तर हे सगळं एका छोट्या बॅटरीसारखं दिसतं. एका टोकातून प्रवाह बाहेर पडतो, आसपासच्या खारट पाण्यातून वळसा घेतो आणि दुसऱ्या टोकातून आत येतो. या दोन टोकांच्या बॅटरीलाच द्विध्रुव म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये माणसाच्या हृदयाची वीज शरीराच्या बाहेरून पहिल्यांदा मोजून दाखवली. त्यांचा जिमी नावाचा बुलडॉग होता. त्याचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून ते हाच प्रयोग लोकांना दाखवत. पुढे नेदरलँड्समधल्या लायडन इथे विलेम आइंटहोवेन यांनी त्याहून कितीतरी संवेदनशील यंत्र बनवलं. त्याचं वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास होतं, ते चालवायला पाच माणसं लागत आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसावं लागे. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आज मनगटाला लागणारे चिमटे हे त्या बादल्यांचेच वारस.

आता मोजमाप पाहू. ईसीजीच्या कागदावर १० मिलिमीटर उंची म्हणजे १ मिलिव्होल्ट. रिमोटमधल्या पेन्सिल सेलचं व्होल्टेज याच्या १५०० पट असतं. इतका बारीक इशारा त्वचेपर्यंत पोहोचताना किती उरतो, हेच आपल्याला काढायचं आहे.

समजा, ही बॅटरी अथांग समुद्रात ठेवली. मग उत्तर पदवीच्या पुस्तकातच मिळतं : अंतर दुप्पट झालं की व्होल्टेज चौथा हिस्सा उरतं, तिप्पट झालं की नववा. बॅटरीच्या टोकांच्या दिशेने ते सर्वांत जास्त असतं आणि तिच्या काटकोनात शून्य. पण माणूस म्हणजे अथांग समुद्र नव्हे. माणसाला कातडी आहे.

कडेला काय होतं?

दुसरा प्रश्न हाच. माझी चार पानं इथेच वाया गेली होती, कारण मी कडेचा विचारच केला नव्हता.

त्वचेच्या बाहेर हवा आहे आणि हवेतून वीज वाहत नाही. हौदाच्या भिंतीपाशी आलेलं पाणी जसं भिंतीलगत वळतं, तसा त्वचेपर्यंत आलेला प्रवाह त्वचेला समांतर वळलाच पाहिजे. समुद्राचं उत्तर हा नियम पाळत नाही. त्यात प्रवाह खुशाल त्वचेतून आरपार बाहेर निघून जातो. म्हणजे त्या उत्तराला एक जोड द्यावी लागणार. या जोडीला स्वतःची बॅटरी असता कामा नये, कारण आत बॅटरी एकच आहे.

इथे ‘माणूस गोल आहे’ असं मानण्याचा फायदा होतो. भौतिकशास्त्रज्ञांची एक जुनी थट्टा आहे. गाय दूध का देत नाही म्हणून शेतकरी त्यांच्याकडे जातो आणि ते म्हणतात, ‘उत्तर सापडलं, पण आधी समजा की गाय गोल आहे.’ हसू येतं खरं, पण गोलामुळे गणित आवाक्यात येतं. जी जोड हवी आहे ती इथे अगदी साधी निघते : गोलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सगळीकडे सारख्याच जोराने वाहणारा प्रवाह. बॅटरीचा प्रवाह त्वचेतून जिथे बाहेर पडू पाहतो, तिथे हा त्याला आत ढकलतो. दोन्ही प्रवाहांचा दिशेनुसार कमीजास्त होण्याचा नमुना एकच असल्यामुळे एका ठिकाणी मेळ बसला की तो साऱ्या गोलावर बसतो.

जोड किती मोठी हवी? समुद्राच्या उत्तरात व्होल्टेज अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. म्हणजे अंतर १ टक्का वाढलं की ते साधारण २ टक्के घटतं. जोडीचं व्होल्टेज केंद्रापासून सरळ रेषेत वाढतं. अंतर १ टक्का वाढलं की तेही १ टक्काच वाढतं. त्वचेपाशी घट आणि वाढ यांची बरोबरी व्हायला हवी, तरच प्रवाह बाहेर पडणार नाही. त्यासाठी जोड मूळ व्होल्टेजच्या दुप्पट हवी. मूळ एक अधिक जोड दोन, एकूण तीन.

म्हणजे गोलाच्या त्वचेवर जे व्होल्टेज मिळतं ते अथांग समुद्रात तेवढ्याच अंतरावर मिळालं असतं त्याच्या बरोबर तिप्पट. कातडी विजेला अडवते आणि त्या अडवण्यामुळेच मोजण्यालायक जास्त व्होल्टेज पृष्ठभागावर जमतं. मनगटावरच्या चिमट्याला हृदयाचा पत्ता लागतो त्यात या अडवण्याचा मोठा वाटा आहे.

पण हे उत्तर मी अंदाजाने जोड लावून काढलं. दुसरी एखादी जोड लावली असती तर वेगळं उत्तर आलं असतं का? नाही. या शास्त्रात एकमेवतेचं प्रमेय आहे. आतला नियम आणि कडेची अट या दोन्ही गोष्टी पाळणारं उत्तर एकच असतं, मग ते पानं भरून काढा किंवा अंदाजाने. म्हणून अंदाज लावायला भ्यायचं नाही, फक्त तो ताडून पाहायचा. इथे ताळा सोपा आहे. गोल खूप मोठा केला की बॅटरीजवळच्या भागात जोड नाहीशी होत जाते आणि समुद्राचं उत्तर परत मिळतं. मिळायलाच हवं.

खरा माणूस अर्थातच गोल नाही. फुप्फुसात हवा असते आणि त्यातून वीज कमी वाहते. हृदयाच्या कप्प्यांतल्या रक्तातून ती जास्त वाहते. तरी डॉक्टरांच्या शास्त्राने सुरुवात अशाच सोप्या आकारांपासून केली. आइंटहोवेन यांनी दोन हात आणि डावा पाय हे एका समभुज त्रिकोणाचे कोन मानले आणि हृदय मध्यभागी ठेवलं. त्यावरून हृदयातल्या विजेची दिशा काढायची त्यांची रीत आजही शिकवली जाते. १९५६ साली ब्रोडी यांनी हृदयातलं रक्त म्हणजे एक गोल मानून दाखवलं की हृदयाच्या भिंतीत आतून बाहेर जाणारी वीज रक्तामुळे जास्त ठळक दिसते आणि भिंतीलगत आडवी जाणारी वीज फिकी पडते. आता संगणकावर प्रत्येकाच्या स्कॅनवरून खऱ्या आकाराची छाती मांडून हिशेब करता येतो. पण तो प्रोग्राम बरोबर चालतोय का, हे आजही आधी गोलावरच तपासतात, कारण तिथलं उत्तर हाताने काढलेलं असतं.

चित्र फिरवलं तर?

तिसऱ्या प्रश्नाची ताकद दाखवायला हृदयाकडून मेंदूकडे जाऊ. जिथे वीज वाहते तिथे चुंबकीय क्षेत्रही असतं. डेव्हिड कोहेन यांनी १९६८ साली मेंदूचं चुंबकीय क्षेत्र पहिल्यांदा मोजलं. ते इतकं क्षीण असतं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याच्या कोट्यवधी पट भरेल. ते मोजणाऱ्या तपासणीला एमईजी म्हणतात. फेफऱ्याच्या काही रुग्णांत झटका मेंदूच्या कोणत्या भागातून सुरू होतो हे शोधायला ती वापरतात.

आता गणित : डोकं गोल माना. कवटीकडे सरळ तोंड करून, म्हणजे केंद्रातून बाहेर जाणाऱ्या रेषेवर, एक छोटी बॅटरी आत ठेवा. डोक्याबाहेर चुंबकीय क्षेत्र किती? सरळ मार्गाने गेलात तर पानंच्या पानं भरतील. त्याऐवजी सरांचा तिसरा प्रश्न विचारा.

बॅटरीतून जाणाऱ्या त्या रेषेभोवती डोकं फिरवलं तर चित्र बदलतं का? नाही. आरशात पाहिलं तरी बदलत नाही. म्हणून चुंबकीय क्षेत्र त्या रेषेभोवती वर्तुळं करूनच फिरू शकतं आणि एका वर्तुळावर सगळीकडे ते सारखंच असलं पाहिजे. अँपिअरचा नियम सांगतो की अशा वर्तुळावरचं क्षेत्र त्या वर्तुळातून आरपार जाणाऱ्या प्रवाहावर ठरतं. प्रवाह मोजायला वर्तुळाच्या कडेवर कोणताही पडदा ताणला तरी चालतो. मग तो डोक्यावर उघडलेल्या छत्रीसारखा, पूर्णपणे हवेतून ताणू. हवेतून प्रवाह जातच नाही. म्हणजे छत्रीतून जाणारा प्रवाह शून्य आणि क्षेत्रही शून्य.

एकही आकडेमोड न करता गणित संपलं. कसलेला विद्यार्थी यावर एक शंका काढील : बदलत्या विद्युतक्षेत्रामुळेही चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्याचं काय? मेंदूतले बदल फार संथ असतात. सेकंदाला १०० वेळा होणारा बदल धरला तरी हवेतली त्याची तरंगलांबी ३००० किलोमीटर होते. वीतभर डोक्यासाठी तो परिणाम सोडून देता येतो. कवटीचे, त्वचेचे थर वेगवेगळे असले तरी ते गोल असतील तोवर उत्तर शून्यच राहतं, कारण थर असले तरी चित्र फिरवल्यावर बदलत नाही.

या शून्याचा अर्थ दवाखान्यात फार मोलाचा आहे. मेंदूच्या पृष्ठभागावर घड्या असतात. घडीच्या माथ्यावरच्या पेशींचा प्रवाह कवटीकडे सरळ जातो, तो एमईजीला जवळपास दिसत नाही. घडीच्या भिंतीतल्या पेशींचा प्रवाह कवटीला समांतर जातो, तो दिसतो. व्होल्टेज मोजणाऱ्या ईईजीला दोन्ही दिसतात, पण कवटीच्या हाडातून वीज कमी वाहत असल्याने तिथलं चित्र पसरट होतं. म्हणून एका तपासणीत काही दिसलं नाही म्हणजे आत काही नाही, असं तज्ज्ञ मानत नाहीत.

उलटं गणित

इथे मी पुन्हा बाबांच्या ईसीजीकडे येतो. आतापर्यंतची गणितं सुलट होती : आत काय आहे ते माहीत, बाहेर काय दिसेल ते काढा. डॉक्टरांपुढचं गणित उलटं असतं. बाहेरचं दिसतं, आतलं ओळखायचं असतं.

जर्मन शास्त्रज्ञ हरमान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ सालीच, म्हणजे वॉलर यांच्या प्रयोगाच्या ३४ वर्षं आधी, दाखवून दिलं होतं की या उलट्या गणिताला एकच एक उत्तर नसतं. आपला गोलच घ्या. केंद्राशी एक जोरदार बॅटरी ठेवली काय, किंवा तीच ताकद केंद्राभोवतीच्या एका छोट्या गोलावर अनेक बारक्या, एकाच दिशेला तोंड केलेल्या बॅटऱ्यांत सारखी वाटून टाकली काय, त्वचेवरचं व्होल्टेज तंतोतंत तेच येतं. बाहेरून कितीही अचूक मोजलं तरी फरक कळणार नाही. त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे, त्याच छोट्या गोलावरच्या सगळ्या बॅटऱ्या बाहेरच्या दिशेला तोंड करून सारख्या लावल्या तर त्वचेवर सगळीकडे फरक शून्य. आत वीज खेळते आहे आणि बाहेर सरळ रेघ!

शेजारच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला तर काहीतरी शिजतंय हे कळतं. किती पातेल्यांत काय आहे ते केवळ वासावरून ठरवता येत नाही. त्यासाठी आणखी माहिती लागते. डॉक्टर नेमकं तेच करतात. रुग्णाला काय होतंय ते विचारतात, रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात, इको करतात, ईसीजी पुन्हा काढतात. हृदयाच्या पाठीमागच्या भिंतीकडे छातीवरच्या नेहमीच्या इलेक्ट्रोडचं तोंड नसतं. तिथे शंका असेल तर पाठीवर डाव्या बाजूला जादा इलेक्ट्रोड लावतात. हार्ट अटॅकच्या सुरुवातीला पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राला अनुभवाने पक्कं ठाऊक आहे. बाहेरून मोजलेल्या व्होल्टेजला मर्यादा असणारच, हे गणितालाही ठाऊक आहे.

म्हणून वाचकांना एक आग्रहाचं सांगणं. छातीत दुखत असेल, घाम येत असेल, डावा हात किंवा जबडा भरून येत असेल आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला, तर माझ्यासारखी घरी जायची घाई करू नका. डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा. कळ पुन्हा आली तर लगेच तसं सांगा.

उत्तरवही उघडण्याआधी

आता थोडं या गणितांशी झटणाऱ्या मुलामुलींसाठी. हल्ली जवळपास प्रत्येक गणिताचं तयार उत्तर मोबाइलवर मिळतं. परीक्षा तोंडावर असते, उत्तर उतरवून काढायचा मोह होतो. पण उतरवलेल्या उत्तरात ‘तीन’ हा आकडा मिळतो, तो कडेच्या अटीतून आला हे हाताला कळत नाही. पुढच्या गणितात गोलाऐवजी दंडगोल आला की गाडी तिथेच अडते.

माझं ते गणित तिसऱ्या दिवशी सुटलं. पहिल्या दिवशीची चार पानं चुकली होती, पण ती चुकल्यामुळेच सरांच्या दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ मला लागला. म्हणून आधी एक दिवस तरी उत्तराशिवाय काढा. मोठं चित्र काढा, वीज कुठून निघते ते दाखवा. कडेला काय होतं ते शब्दांत लिहा, सूत्रात नव्हे. चित्र फिरवून पाहा, काय आपोआप शून्य होतं ते खोडून टाका. उरलेल्या गोष्टीसाठीच लेखणी चालवा. उत्तर आलं की गोल अफाट मोठा करून बघा, अगदी लहान करून बघा. एवढं करूनही अडलात तर खुशाल उत्तर उघडा. मग ते एका दमात समजेल.

बाबांना नंतर मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘म्हणजे मी गोल आहे हे तुला एम.एस्सी.पासूनच माहीत होतं तर!’